जीप पळते झक्कास... पण थांबते का?

जुनी जीप शोधायची, तिला नवं रूप द्यायचं आणि वीकएंडला मातीत घालायची. आयटीवाल्यांपासून बँकवाल्यांपर्यंत अनेकांना हे वेड लागलंय. पण पहिला पैसा कशावर खर्च करायचा? शिरूरच्या गॅरेजात आणि दौंडच्या लेथवर या प्रश्नाचं एकच उत्तर मिळालं : ब्रेक आणि मागचा एक्सल!

तुमच्या ऑफिसात असा एक तरी असतोच. लॅपटॉपवर वॉलपेपर जीपचा, कॉफी मशीनजवळ गप्पा जीपच्या आणि लंच टाइममध्ये मोबाइलवर बघणार तेही जुन्या जीपांचेच फोटो. ‘एकदा घ्यायची यार!’ हे वाक्य तो दर शुक्रवारी संध्याकाळी म्हणतो. फ्लॅट, ईएमआय आणि लग्न या तिन्हींतून वाचला, तर एक दिवस खरंच घेतो. मग सुरू होते ‘टू-डू लिस्ट’. मोठे टायर, पुढे जाडजूड बंपर, वर एलईडी लाइट्सची पट्टी, विंच, म्युझिक सिस्टिम...

या लिस्टमध्ये एक शब्द सहसा नसतो. ब्रेक.

कारण उघड आहे. ब्रेकचा फोटो कोण टाकणार? ड्रमच्या आत काय चाललंय हे ना शेजाऱ्याला दिसतं, ना गर्लफ्रेंडला. मागचा एक्सल तर त्याहून बिचारा. गाडीखाली, चिखलात, कुणाच्या नजरेतही न येणारा. पण जुन्या जीपमध्ये जीव नेमका या दोन गोष्टींवर टांगलेला असतो. आणि गंमत म्हणजे या दोन गोष्टी नाहीतच. ती एकच गोष्ट आहे. कशी, ते पुढे सांगते.

माझ्या एका मित्राची लिस्टही अशीच रेडी होती. हिंजवडीत नोकरी, बाणेरला घर आणि शिरूर तालुक्यातल्या गावी आजोबांची सीजे थ्रीबी. उंच बॉनेटवाली, ओरिजिनल पेट्रोल इंजिनची. आजोबांच्या काळात या जीपनं कांद्याची पोती वाहिली, वऱ्हाडं नेली आणि रात्री-अपरात्री गावातले पेशंटही शिरूरला पोचवले. नंतर पंधरा वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मित्राचं स्वप्न साधं होतं. बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला या जीपमध्ये बसवून कधीतरी रविवारी गावी फिरवायचं. दोन महिने जमेल तसे शनिवार-रविवार मी त्याच्याबरोबर गॅरेजच्या फेऱ्या मारल्या आणि वहीत नोंदी करत राहिले.

‘आधी सांगा, थांबवायची कशी?’

नगर रोडनं निघालात की वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव करत साधारण ७० किलोमीटरवर शिरूर येतं. जुनी माणसं अजून ‘घोडनदी’च म्हणतात. अलीकडे रांजणगावचा गणपती आणि एमआयडीसी, पलीकडे ऊस आणि कांदा. त्यामुळे कंटेनरपासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत सगळं याच रस्त्यावर मोडतं आणि इथंच दुरुस्तही होतं. इथल्या एका गॅरेजात मित्रानं जीप टोचन लावून आणली.

गॅरेजवाल्यांना सगळे मामा म्हणतात. साठी ओलांडलेली, हाताला कायमचं ग्रीस आणि बोलणं मोजून-मापून. मित्रानं प्रिंटआउट पुढे केला. मामांनी चष्मा लावून तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

‘‘सगळं करू दादा. पण आधी सांगा, एवढं सगळं लावून गाडी पळायला लागली, की थांबवायची कशी?’’

‘‘मामा, ब्रेक आहेत की तिला.’’

‘‘होते,’’ मामा म्हणाले. ‘‘चाकं काढून बघितल्याशिवाय मी हिला स्टार्टर मारत नसतो.’’

आजोबांच्या जमान्यातले ब्रेक

थोडा फ्लॅशबॅक. जीप जन्माला आली दुसऱ्या महायुद्धात. विलिस एमबी हे तिचं नाव आणि इंजिन ६० हॉर्सपॉवरचं. युद्ध संपलं आणि तिनं साधे कपडे घातले. ती झाली सीजे, म्हणजे सिव्हिलियन जीप. आपल्याकडे चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. अमेरिकेत सीजे थ्रीबी आली १९५३ मध्ये. तिचं नवं हरिकेन इंजिन उंच होतं, ते मावावं म्हणून बॉनेट उंच केलं. झाला तिचा तो फेमस चेहरा! अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबलं. महिंद्रानं मात्र ते पुढे कितीतरी वर्षं बनवलं. बीडीओसाहेबांची जीप, फौजदाराची जीप, बाजाराच्या दिवशी माणसं लटकलेलं वडाप... आपल्या आई-बाबांच्या आठवणीतली ‘जीप’ ती हीच.

आता तिचे ब्रेक बघा. चारही चाकांना ९ इंची ड्रम, आत पावणेदोन इंच रुंदीचे लायनर. लायनर झिजले की हातानं अॅडजस्ट करायचे, आपोआप काही होत नाही. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्याही खाली. म्हणजे ओढ्यातून गाडी घातली की सगळ्यात आधी आंघोळ त्याची! ब्रेक ऑइलची लाइन एकच. कुठंही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गुल. आणि हँडब्रेक? तो चाकांवर नाहीच. ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो, हँडब्रेक तिथं पकडतो.

या गाडीची आखणी झाली तेव्हा हे सगळं चालून जात होतं. रस्ते कच्चे, वेग कमी आणि समोर ट्रॅफिक म्हणजे बैलगाडी. आता तीच जीप नगर रोडवर दोन कंटेनरच्या मधोमध चालणार आहे. शाळेतलं फिजिक्स आठवतंय? वेग ४० वरून ८० वर नेला, की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते.

त्यात मोठे टायर! जीपचे मूळचे ६.००-१६ टायर साधारण २८ इंच उंचीचे. त्या जागी ३१ इंची लावले तर उंची दहा टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच हिशेबानं ब्रेकची पकड घटते. टायर म्हणजे तरफेचा लांब दांडा. तो जेवढा लांब, तेवढा ड्रमला अडवायला जड. वर त्या टायरचं वजन वेगळं. म्हणजे दिसायला गाडी दणकट झाली आणि थांबायला आणखी कच्ची. आहे की नाही धमाल!

एक दांडा, तीन ब्रेक

आता त्या ‘एकच गोष्ट’ची गोष्ट. माझ्यासाठी तरी हा सगळ्यात मोठा धक्का होता.

जुन्या सीजेच्या मागच्या एक्सलचं बाहेरचं टोक निमुळतं असतं. त्यावर चाकाचा हब दाबून बसवतात, मध्ये एक छोटी चावी घालतात आणि वरून मोठा नट आवळतात. चाक, ड्रम, हब हा सगळा डोलारा त्या एका निमुळत्या टोकावर उभा. इंजिनची ताकदही त्यातूनच जाते आणि गाडीचं वजनही त्यावरच. याला सेमी-फ्लोटिंग एक्सल म्हणतात. चावीसाठी जिथं खाच कापलेली असते, तिथं लोखंड सगळ्यात कमकुवत. नट थोडा ढिला राहिला, की हब त्या टोकावर हळूहळू खेळायला लागतो. आधी चावी चेचते आणि मग खाचेच्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो.

समजा, हा दांडा बेअरिंगच्या बाहेर तुटला. काय होईल?

चाक ड्रमसकट निघून जातं. आत उरलेल्या ब्रेक शूला दाबायला समोर काहीच नसतं. घाबरून तुम्ही पेडल दाबता, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडी मारतात आणि ऑइल रस्त्यावर. लाइन एकच, त्यामुळे बाकीच्या तीन चाकांचे ब्रेकही गेले. हा पहिला ब्रेक.

हात जातो हँडब्रेककडे. तो प्रोपेलर शाफ्ट घट्ट धरतो, पण शाफ्ट आणि चाकांच्या मध्ये डिफरन्शियल आहे. एका बाजूचा एक्सल तुटलेला, म्हणजे त्या बाजूला अडवणारं कुणी नाही. डिफरन्शियल आतल्या आत गरागरा फिरतं आणि दुसरं चाक मोकळं पळत राहतं. हा दुसरा.

तिसरा उपाय म्हणजे गिअर. खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनच्या जोरावर गाडी रोखायची. पण इंजिनचा जोरही त्याच शाफ्टमधून, त्याच डिफरन्शियलमधून जातो. फोर बाय फोर टाकलेला नसेल, तर तोही बाद.

म्हणजे दांडा एक तुटला आणि तिन्ही ब्रेक गेले! ‘‘लोकं म्हणतात ब्रेक फेल झाला,’’ मामा म्हणाले. ‘‘कधी कधी आधी एक्सल फेल होतो ताई. ब्रेक त्याच्यामागं जातो.’’

या दोघांचं नातं इतक्यावर संपत नाही. एक्सलचं ऑइल सील गळायला लागलं, की डिफरन्शियलचं ऑइल थेट लायनरवर येतं. मग ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. आपण नवीन लायनर टाकतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. बऱ्याचदा खरा गुन्हेगार असतो एक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायला ठेवलेलं छोटंसं भोक. शेतातला चिखल बसून ते बुजतं, आत दाब तयार होतो आणि ऑइल सीलमधून वाट काढतं.

खडूची पूड आणि ती रेघ

जीप घोड्यांवर चढवली आणि मागचा हब काढायचं काम सुरू झालं. निमुळत्या टोकावर वर्षानुवर्षं घट्ट बसलेला हब सहज सुटत नाही. पुष्कळ जण एक्सलच्या तोंडावर घण घालतात. त्यानं आटे जातात आणि आतलं बेअरिंगही दुखावतं. मामांनी दणकट पुलर लावला, पान्यानं ताण दिला आणि चहा मागवला. ‘‘ताणावर राहू दे, त्याचा तो सुटंल.’’ चहा संपला, मामांनी पुलरच्या स्क्रूवर एक ठोका दिला आणि बंदुकीसारखा आवाज करून हब सुटला.

ड्रमच्या आत काळी धूळ साचलेली होती. मामांनी हवेचा पाइप हातात घेऊ दिला नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसात जाणं धोक्याचं. ओल्या फडक्यानं पुसून ती पिशवीत बांधली. प्लीज, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

मग एक्सल बाहेर आले. उजवा पुसल्यावर चकचकीत दिसत होता. डावाही तसाच. मित्र म्हणाला, ‘‘मस्त आहेत की!’’ मामांनी दोन्हींची टोकं डिझेलमध्ये भिजत ठेवली. नंतर कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसली आणि वर खडूची पूड भुरभुरली. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू पुडीत झिरपतं आणि ओली रेघ उमटते. मशीन नाही, लॅब नाही, पण पद्धत शंभर टक्के शास्त्रीय.

उजव्या एक्सलवर पूड पांढरीच राहिली. डाव्यावर, चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून, केसासारखी बारीक काळसर रेघ उमटली. बघता बघता ती बोटाच्या पेराएवढी झाली.

कुणीच काही बोललं नाही. मित्र त्या रेघेकडे बघत होता. कशाचा विचार करत होता, हे विचारायची गरज नव्हती. मागच्या सीटवर बसणार होती चार वर्षांची पोरगी.

त्या संध्याकाळी त्यानं मामांकडून तो प्रिंटआउट परत मागून घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवी लिस्ट लिहिली. त्यात पहिल्या दोनच गोष्टी होत्या.

बोलेरोचा एक्सल बसवला तर?

सगळ्यात पॉप्युलर सल्ला म्हणजे भंगारातून नव्या गाडीचा अख्खा मागचा एक्सल आणायचा आणि बसवून टाकायचा. ऐकायला सोपं, पण इथं तीन खड्डे आहेत.

पहिला, गिअर रेशो. जुन्या सीजेच्या डिफरन्शियलमध्ये सहसा ५.३८ चा जोड असतो. पिनियनला ८ दात, क्राउन व्हीलला ४३. पुढच्या एक्सललाही तोच. मागे वेगळ्या रेशोचा एक्सल बसवला आणि फोर बाय फोर टाकला, तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू बघतात. चिखलात टायर घसरून ते निभावतं. डांबरावर मात्र ताण साठत जातो आणि काहीतरी तुटतं. म्हणून भंगारवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, दात मोजा.

दुसरा, जागा. जुन्या सीजेचा डिफरन्शियल मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो, कारण ट्रान्सफर केसमधून शाफ्टच त्या बाजूनं निघतो. मधोमध डिफरन्शियल असलेला एक्सल लावला, की शाफ्ट तिरका होतो आणि त्याचे क्रॉस लवकर जातात.

तिसरा, वेल्डिंग. पाट्यांच्या बैठका नव्यानं जोडाव्या लागतात. कोन थोडा चुकला की थरथर सुरू.

मग पर्याय काय? सगळ्यात साधा म्हणजे त्याच मापाचे नवे एक्सल, नवी चावी, नवा नट आणि पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं आवळणी. त्याच्या वरचा म्हणजे वन-पीस फ्लँज एक्सल. यात दांडा आणि चाकाची तबकडी एकाच घडणीतली. निमुळतं टोक नाही, खाच नाही, चावी नाही. दुखणं जिथून सुरू होतं, ती जागाच काढून टाकली.

आणि सगळ्यात वरचा म्हणजे फुल-फ्लोटिंग. यात हब एक्सलवर नाही, तर हाउसिंगवरच्या स्वतःच्या बेअरिंगवर फिरतो. गाडीचं वजन हाउसिंग पेलतं, एक्सल फक्त चाक फिरवतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. मोठ्या ट्रकना असतो तसा. आणि गंमत बघा, युद्धातल्या विलिस एमबीला मागे फुल-फ्लोटिंगच होता! सिव्हिलियन जीपच्या वाट्याला मात्र सेमी-फ्लोटिंग आला.

मित्रानं बजेट बघून वन-पीस फ्लँज एक्सल निवडले. बरोबर नवी बेअरिंग, नवी सील आणि साफ केलेला ब्रीदर.

ड्रम की डिस्क?

यावर मित्र आणि मामा यांच्यात दोन रविवार वाद चालला. मित्राला पुढे डिस्क हव्या होत्या. डिस्कचे फायदे खरे आहेत. त्या लवकर थंड होतात आणि पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच पकडतात. ड्रममध्ये पाणी आणि चिखल अडकून बसतो.

पण डिस्क म्हणजे नुसती डिस्क नाही. ड्रममध्ये फिरणारा ड्रमच शूला आत खेचून घेतो, पायाला आयती मदत मिळते. डिस्कला ती मिळत नाही, म्हणून बूस्टर लागतो. बूस्टरला व्हॅक्युम लागतो. पेट्रोल इंजिनमधून तो मिळतो, डिझेलला वेगळा व्हॅक्युम पंप हवा. शिवाय जीपचा मास्टर सिलिंडर फळीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर. ऑइल मागे वाहू नये म्हणून लाइनमध्ये छोटा रेसिड्युअल वॉल्व बसवावा लागतो. हे सगळं करणार असाल तर बिनधास्त डिस्क घ्या. अर्धवट करणार असाल तर पेडल दगडासारखं लागेल आणि गाडी थांबणार नाही.

शेवटी ठरलं, चारही चाकांना ११ इंची ड्रम, दोन इंच रुंद लायनर. हा काही जुगाड नव्हे. अमेरिकेत १९७२ पासून सीजेला याच मापाचे ड्रम येऊ लागले. हिशेब सोपा आहे. ड्रमचा घेर वाढल्यानं पकडीचा जोर २२ टक्क्यांनी वाढतो आणि लायनरचं क्षेत्रफळ जवळपास ४० टक्क्यांनी. उष्णता पसरायला जागा मिळते, त्यामुळे लांब उतारावर ब्रेक लवकर ढिले पडत नाहीत.

पण खरी क्रांती त्याहून लहान वस्तूनं झाली. टँडम मास्टर सिलिंडर! यात पुढच्या चाकांची लाइन वेगळी, मागच्यांची वेगळी. एक फुटली तरी दुसरी शिल्लक. अमेरिकेत नव्या कारना ही दुहेरी व्यवस्था १९६८ पासून सक्तीची आहे. सगळ्या अपग्रेडमध्ये एकच परवडत असेल तर हे करा. त्याबरोबर सगळे रबरी होज बदला. जुने होज आतून फुगतात, बाहेरून कळतही नाही. आणि पाइप ब्रेकसाठीचाच हवा. फ्रिजवाल्याचा तांब्याचा पाइप चालणार नाही!

दौंडचा ‘नाही’ म्हणणारा माणूस

नवे ड्रम आणि नवे एक्सल एकमेकांवर बसवून लेथवर फिरवून बघायचे होते. ड्रम थोडा जरी वेडावाकडा फिरला, तरी पेडल पायाखाली नाचतं. मामांचा भरवशाचा टर्नर दौंडला. म्हणून एका शनिवारी मित्राच्या कारच्या डिकीत सगळं सामान टाकलं आणि शिरूरहून न्हावरे, तिथून भीमा ओलांडून पारगाव, चौफुला, पाटस करत आम्ही दौंड गाठलं. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. सोलापूरकडे जाणारी लाइन आणि मनमाडकडे वळणारी लाइन इथंच वेगळी होते.

टर्नरकाकांचा लेथ उसाच्या ट्रॉल्यांच्या कामानं भरलेला असतो. त्यांनी ड्रम फिरवले, डायल लावला, एका ड्रमवरून हलकासा हात फिरवून दिला. काम छान झालेलं बघून मित्रानं सहज विचारलं, ‘‘काका, स्पेअरला एक एक्सल तुम्हीच बनवून द्याल का?’’

काकांनी लेथ बंद केला. ‘‘आकार देईन. ताकद कुठून देऊ?’’

मुद्दा असा, की एक्सलसाठी ठरावीक अलॉय स्टील लागतं, ते घडवावं लागतं आणि वर हीट ट्रीटमेंट. साध्या शाफ्टवर हुबेहूब एक्सल कातता येतो, दिसायला अगदी ओरिजिनल. पण तो पिळानं वळतो, नाहीतर कडकन तुटतो. गिऱ्हाईक समोर उभं, पैसे द्यायला तयार, आणि माणूस म्हणतो ‘नाही’. जुन्या गाडीच्या छंदात असा माणूस सापडणं हेच खरं स्पेअर पार्ट मिळणं!

आरटीओचं काय?

महत्त्वाचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन यांच्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून झीज झालेला पार्ट बदलणं वेगळं आणि गाडीची रचना बदलणं वेगळं, हे डोक्यात पक्कं ठेवा. काम सुरू करण्याआधी आरटीओला लेखी विचारा, बिलं जपून ठेवा आणि इन्शुरन्स कंपनीलाही कळवा. मित्रानं पार्ट विकत घेण्याआधी अर्ज केला. ३१ इंची टायरचा नाद तिथंच सुटला.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नसावा आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. वीकएंडला बाजारहाट आणि ट्रिप करायची असेल, तर साध्या आरसीचं नूतनीकरण आणि त्यासाठीची फिटनेस तपासणी हाच मार्ग.

पहिली परीक्षा

ट्रायलच्या दिवशी मामांनी वेग बघितलाच नाही. शेताकडेच्या मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ३० वरून हलकेच थांबवायची, मग पुन्हा, मग पुन्हा. नवे लायनर ड्रमला असे हळूहळू बसवावे लागतात. मध्ये थांबून चारही ड्रमजवळ हात नेऊन गरमी बघायची. एखादं चाक जास्त तापलं तर शू घासतोय. मग ताशी ४० वरून जोरात. मागची चाकं आधी लॉक झाली तर धोका, कारण जीपचा व्हीलबेस जेमतेम ८० इंचांचा, ती गर्रकन फिरते. मामांनी रस्त्यावरच्या खुणा वाकून बघितल्या, मागचे शू किंचित ढिले केले आणि पुन्हा चालवायला लावली. चौथ्या वेळी जीप सरळ रेषेत, नाक खाली झुकवून, शहाण्यासारखी थांबली.

महिन्याभरानं ती टाकळी हाजीच्या कुंडांपर्यंत गेली. कुकडीच्या पात्रात खडक कोरून झालेले ते प्रसिद्ध रांजणखळगे, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. नदीकडे जाणाऱ्या उतारावर मागच्या सीटवरून ‘बाबा, फास्ट!’ अशी ऑर्डर सुटत होती. बाबा मात्र दुसऱ्या गिअरमध्ये होते. नवा बंपर नाही, एलईडी नाही, म्युझिकही नाही. आजोबांच्या वेळचा रंगसुद्धा तसाच. तो तुटू पाहणारा एक्सल मामांनी गॅरेजच्या भिंतीवर टांगून ठेवलाय. कुणी मोठ्या टायरची चौकशी करत आलं, की आधी तो हातात देतात.

जुनी जीप घेताय? हे आधी बघा!

• पेडल दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर किंवा लाइन गळतेय.

• मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ऑइलचे ओघळ आहेत का? सील आणि ब्रीदर दोन्ही तपासा.

• मागचं चाक जॅकवर उचलून वर-खाली, आत-बाहेर हलवा. खेळत असेल तर हब किंवा बेअरिंग संशयित.

• निमुळत्या टोकाचे एक्सल असतील तर बाहेर काढून तड्याची चाचणी केल्याशिवाय लांब जाऊ नका.

• पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा रेशो एकच आहे ना? दात मोजा.

• ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. गाडी उभी असली तरी दर दोन वर्षांनी ते बदला.

• पाण्यातून बाहेर आल्यावर काही मीटर ब्रेक हलका दाबून चालवा, ड्रम सुकतात.

• आरसी, इंजिन नंबर, चासी नंबर आधी जुळवा. नंतर प्रेमात पडा!

बाकी बंपर, लाइट्स, विंच, सगळं होईल. बोनस दरवर्षी येतो, दर वेळी एकेक लावा. फक्त क्रम चुकवू नका. पहिला चेक ब्रेक आणि मागच्या एक्सलच्या नावानं फाडा. आणि जीप बघायला आलेल्या मित्रांनी ‘किती पळते रे?’ असं विचारलं, तर किल्ली त्यांच्या हातात देण्याआधी ती कशी थांबते, ते दाखवा.